किती आणि कितीत?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण आकड्यांबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, हप्त्याचे किंवा व्याजाचे आकडे नाहीत. हे आकडे आपल्या घरातल्या पुड्यांवर, बाटल्यांवर आणि रिपोर्टच्या कागदांवर छापलेले असतात. ओआरएसच्या पुडीवर ‘१ लिटर’ असतं. फवारणीच्या औषधावर ‘१७.८ टक्के’ असतं. निंबोळी तेलाच्या बाटलीवर ‘१५०० पीपीएम’ असतं. रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.५, तर विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टवर फ्लोराईड १.८ असतं. दिसायला हे सगळे वेगवेगळे, पण सांगतात एकच गोष्ट : द्रावण किती कडक आहे.

मी बी.ए. झालेली, रसायनशास्त्र माझा विषय नव्हता. पण गटांच्या कामात हे आकडे सारखे समोर येतात. कुणाचं सरबत विकायचं असतं, कुणाच्या टाकीत पावडर टाकायची असते, कुणी रिपोर्ट घेऊन विचारायला येते. म्हणून हा विषय मी समजून घेतला, आणि तो तितका अवघड नाही.

शाळेत आपण शिकलो होतो. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं ते द्रावक, आणि दोन्ही मिळून द्रावण. साखर द्राव्य, पाणी द्रावक, सरबत द्रावण. आता एक लहान कप घ्या आणि एक मोठा तांब्या घ्या. दोन्हींत एकेक चमचा साखर घाला. साखर तेवढीच, पण गोडी तेवढीच लागेल का? नाही. कारण गोडी नुसत्या साखरेवर ठरत नाही, साखर कितीत घातली त्यावर ठरते. यालाच पुस्तकात द्रावणाची संहती म्हणतात. म्हणजे प्रत्येक आकड्यामागे दोन प्रश्न असतात : किती, आणि कितीत? यातलं एकच उत्तर ठाऊक असेल तर तो आकडा अर्धाच समजला.

टक्क्यांचे तीन प्रकार

पाकापासून सुरुवात करू. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी घेतलं, तर तो पाक किती टक्के? पुष्कळ जणी पटकन म्हणतील, ‘किलोला किलो, म्हणजे शंभर टक्के.’ पण टक्के नेहमी एकूण द्रावणाचे मोजायचे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. साखर एक किलो. एकूण दोन किलो, त्यात साखर एक किलो, म्हणजे पाक ५० टक्के. हा वजनाला वजन असा टक्का. याच हिशेबाला ब्रिक्स असंही म्हणतात. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ ब्रिक्स. द्राक्षबागायतदार एक नळीसारखं छोटं उपकरण डोळ्याला लावून मण्याच्या रसाची गोडी बघतात, तिथेही ब्रिक्सच मोजतात.

आता हाच पाक उकळत ठेवा. साखर उडून जात नाही, फक्त पाणी जातं. दोन किलोचा दीड किलो झाला की टक्का ५० वरून जवळपास ६७ वर जातो. आपण साखर वाढवली नाही, ‘कितीत’ कमी केलं. मुरांबा आणि जॅम टिकतात ते याच कारणामुळे. साखर ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की जंतूंना आणि बुरशीला वाढायला लागणारं मोकळं पाणीच उरत नाही. पाक कमी आटवला की बरणीला बुरशी का धरते, ते यावरून समजेल.

दुसरा प्रकार वजनाला माप. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत मीठ साडेचार ग्रॅम. ग्लुकोजची बाटली असते ५ टक्क्यांची. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ग्लुकोज किती झालं? २५ ग्रॅम, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखरेइतकं. अंगात ताकद नाही म्हणून पैसे मोजून ‘ताकदीची बाटली’ लावून घेणाऱ्या बाया आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. सलाईन कधी लागते हे डॉक्टर ठरवतील आणि गरज असते तेव्हा ती जीव वाचवते. पण नुसत्या थकव्यासाठी लावलेल्या बाटलीत ताकद किती, हा हिशेब आता तुम्हीही करू शकता. एक भाकरी त्याहून जास्त देते.

तिसरा प्रकार मापाला माप. दोन्ही पदार्थ पातळ असले की हा वापरतात. ७० टक्के सॅनिटायझर म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ७० मिलिलिटर अल्कोहोल.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ‘एक लिटर पाण्यात’ आणि ‘एक लिटर द्रावणात’ हे एक नव्हे. आपला तो किलोला किलो पाक मोजून बघा, तो सुमारे १.६ लिटर भरतो. साखरेनेही जागा घेतली. चिमूटभर मीठ घातलं तर हा फरक कळणारही नाही, पण पाकासारख्या दाट द्रावणात तो मोठा असतो. गटात सरबत-सिरप करून विकत असाल, तर कृती लिहिताना ‘पाणी एक लिटर’ की ‘एकूण एक लिटर’, हे स्पष्ट लिहा. नाहीतर प्रत्येकीच्या हातचा माल वेगळा होईल.

ओआरएस : एका पुडीला एकच लिटर

आता ज्या ठिकाणी चूक झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं, तिथे येऊ. ओआरएसच्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे सगळं १ लिटर पाण्यासाठी. हे प्रमाण असंच आलेलं नाही. आतड्यात ग्लुकोज आपल्याबरोबर मीठ आत ओढून नेतं आणि त्यामागून पाणी जातं. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात असतील तरच हे काम होतं.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलराची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावल्या. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. त्याआधी शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. औषध साधंच, जीव वाचवला तो मोजून केलेल्या द्रावणाने.

मग पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर काय होतं? पेला २०० मिलिलिटरचा धरला, तर द्रावण पाचपट कडक झालं. असं कडक द्रावण पोटात गेलं की शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं. जुलाब वाढतात आणि रक्तात मिठाचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. दुसरीकडे, पुडी पुरवून वापरायची म्हणून दोन लिटर पाण्यात घातली तर ती निम्मी फिकी होते आणि बाळाला हवं तेवढं मीठ मिळत नाही. अर्धी पुडी अर्ध्या लिटरलाही करू नका, कारण पावडर पुडीत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. पूर्ण पुडी, मोजून एक लिटर, चोवीस तासांत वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि शीग न ठेवता. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा.

हिमोग्लोबिनचे ‘पॉइंट’

आपण म्हणतो, ‘तिचं रक्त नऊ पॉइंट आहे.’ ते नऊ म्हणजे नऊ ग्रॅम, आणि तेही १०० मिलिलिटर रक्तात. रिपोर्टवर ‘ग्रॅम प्रति डेसिलिटर’ लिहिलेलं असतं. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, १०० मिलिलिटर. एखाद्या बाईच्या अंगात चार लिटर रक्त आहे आणि हिमोग्लोबिन १० आहे, तर तिच्या सगळ्या रक्तात मिळून हिमोग्लोबिन ४०० ग्रॅम झालं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असं धरतात. गरोदर बाईसाठी मात्र ही रेघ ११ वर आहे.

तिच्यासाठी एक पॉइंट खाली का? याचं उत्तर ‘कितीत’मध्ये आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, पण रक्तातला पाण्यासारखा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. डाळीत पाणी वाढवल्यासारखं होतं. म्हणून आकडा थोडा उतरणं स्वाभाविक असतं. पण ११ च्या खाली गेला तर ते नुसतं पाणी वाढल्यामुळे नाही. लोह खरंच कमी पडतंय, असं समजून लोहाच्या गोळ्या नेमाने घ्यायच्या. ७ च्या खाली गेला तर थांबायला वेळ नाही, लगेच डॉक्टर.

साखरेचा रिपोर्टही १०० मिलिलिटरचाच असतो, फक्त तो मिलिग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम. म्हणून एका कागदावर ११ आणि दुसऱ्यावर १२६ दिसलं, तर दोन्हींची तुलना करायची नाही.

पाण्याचा रिपोर्ट : मिलिग्रॅम आणि पीपीएम

पाण्यात विरघळलेले पदार्थ इतके थोडे असतात की टक्क्यांत सांगायचे तर शून्यावर शून्य लिहावे लागतील. म्हणून तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. यालाच पीपीएम म्हणतात. पाण्यापुरते हे दोन्ही आकडे एकच धरायला हरकत नाही. आणि टक्क्यांशी नातं असं : १० हजार पीपीएम म्हणजे १ टक्का.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी ही मर्यादा ओलांडतं. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. ‘लिटरला दीड मिलिग्रॅम’ ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण रोजचं पिणं असलं की किरकोळ राहत नाही.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला, पाणी उकळलं की सगळं ठीक होतं. जंतूंसाठी उकळणं चांगलंच. पण फ्लोराईड वाफेबरोबर जात नाही. १० लिटर पाणी उकळून ८ लिटर उरलं, तर १.६ चं फ्लोराईड २ वर जातं. पाकासारखंच झालं ना? दुसरा, टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज. मानकात ती ५०० पर्यंत बरी मानली आहे. पण बेरजेवरून आत काय काय आहे ते कळत नाही. टीडीएस ४०० असलेल्या पाण्यात फ्लोराईड २ असू शकतं, आणि मीटरवर मात्र सगळं छान दिसेल. म्हणून पाण्याच्या यंत्रावर आकडा दाखवणाऱ्याला विचारा, ‘हा आकडा कशाचा?’

टीसीएल : पावडर तीच, जोर वेगळा

आपण जिला टीसीएल म्हणतो ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. बाकीचा चुनाच. १००० लिटरच्या टाकीत ५ ग्रॅम पावडर टाकली तर क्लोरीन गेलं सुमारे १.६५ ग्रॅम, म्हणजे १६५० मिलिग्रॅम. १००० लिटरने भागा. लिटरला १.६५ मिलिग्रॅम. त्यातलं काही जंतू मारण्यात आणि पाण्यातल्या घाणीत खर्च होतं. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. ओटी चाचणीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं, तेव्हा हेच उरलेलं क्लोरीन दिसतं.

पण पोत्याचं तोंड उघडं राहिलं, खोली दमट असली, तर क्लोरीन उडून जातं. पावडर दिसायला तेवढीच, चमचा तोच, पण ३३ चे १५ टक्के झाले असले तर पाण्यात जोर निम्म्याहून कमी. म्हणून ‘पावडर टाकली का’ एवढंच विचारून भागत नाही, ‘पाणी पिवळं झालं का’ हे विचारायचं.

फरशीसाठी द्रावण पातळ करतानाही एक फसगत होते. ५ टक्क्यांचं १ टक्का करायचं, तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. पाच भाग पाणी नव्हे. एकूण पाच भाग व्हायला हवेत, त्यात औषधाचा भागही धरायचा. आणि क्लोरीनचं औषध संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

फवारणी : टक्का वाचल्याशिवाय झाकण उघडू नका

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामागे कारणं अनेक होती, पण कडक द्रावण अंगावर आणि श्वासात जाणं किती घातक असतं, हे त्यावरून महाराष्ट्राला कळलं. पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी वाहणारी, औषध कालवणारी आणि ते कपडे धुणारी बहुतेक वेळा बाईच असते. म्हणून हे आपल्याला कळायलाच हवं.

बाटलीवरचा टक्का म्हणजे त्यातला खरा विषारी घटक. इमिडाक्लोप्रिड हे एकच कीटकनाशक १७.८ टक्क्यांच्या पातळ रूपात मिळतं आणि ७० टक्क्यांच्या दाणेदार रूपातही मिळतं. ‘मागच्या वेळी जेवढं घातलं तेवढंच घाल’ म्हणून दुसऱ्याची तेवढीच मात्रा घातली, तर विष जवळपास चौपट होईल. लेबलवर मात्रा बहुधा हेक्टरला सांगतात, पाण्याच्या आकड्यासह. समजा हेक्टरला ५०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यात सांगितलं असेल, तर लिटरला १ मिलिलिटर आणि १५ लिटरच्या पंपाला १५ मिलिलिटर. मोजायचं ते मापाने, बाटलीच्या झाकणाने नव्हे. झाकणं लहान-मोठी असतात. वापरलेलं माप स्वयंपाकघरात परत आणायचं नाही.

निंबोळीचंही पाहा. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का, तर १५०० पीपीएमच्या तेलात अझाडिरॅक्टिन ०.१५ टक्के. मग आपण घरी करतो तो ५ टक्के निंबोळी अर्क त्याहून कितीतरी जोरदार का? तसं नाही. आपण ५ किलो निंबोळीचा भरडा १०० लिटर पाण्याला घेतो. ते ५ टक्के भरड्याचे, आतल्या अझाडिरॅक्टिनचे नाहीत. म्हणून टक्का कशाचा, हाही प्रश्न विचारायचाच.

पोरांच्या पुस्तकातला मोल

अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मोलॅरिटी हा शब्द येतो. त्यात वजन न बघता कण मोजतात. आपण केळी डझनावर मोजतो, तसे रसायनवाले कण मोलवर मोजतात. ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल, ३४२ ग्रॅम साखर म्हणजेही एक मोल. साखरेचा कण जड, म्हणून वजन जास्त, संख्या तेवढीच. एक लिटर द्रावणात एक मोल असलं की ते एक मोलर द्रावण. आपल्या रोजच्या कामात हे लागत नाही, पण लेकीने विचारलं तर एवढं सांगता येईल.

तर मैत्रिणींनो, कोणताही आकडा दिसला की चार गोष्टी विचारायच्या. कशाचा आकडा? किती? कितीत? आणि वजनाने की मापाने? गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक पुडी, बाटली किंवा रिपोर्ट घेऊन यावं. लिहिता-वाचता येणारीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी हे चार प्रश्न विचारावेत. एक लिटरची खूण केलेली बाटली आणि एक मोजमाप गटाच्या पैशातून घेऊन ठेवा. ओआरएस करायची वेळ रात्री-अपरात्री येते, तेव्हा अंदाजाने पाणी ओतायची पाळी कुणावर यायला नको.